रंगीत दूरचित्रवाणी संचावरील डाग : कारणे व उपाय

भारतात रंगीत प्रक्षेपणास १९८२ साली प्रारंभ झाला. त्यानंतर अनेक शाळांत, ग्रामपंचायतींच्या कार्यालयांत व वाचनालयांत काचेच्या चित्रनलिकेचे रंगीत संच आले. त्यांपैकी काही संच आजही जुन्या शैक्षणिक चित्रफिती दाखविण्याच्या उपयोगी पडतात. अशा संचाच्या कोपऱ्यात हिरवट वा जांभळा डाग दिसू लागला की ‘नळी गेली’ असा निर्वाळा दिला जातो व संच निर्लेखनाच्या यादीत जाऊन बसतो. पुष्कळदा हा निर्वाळा घाईचा असतो.

रंगीत चित्रनलिकेत तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगांसाठी तीन इलेक्ट्रॉन झोत असतात. पडद्यामागे बारीक छिद्रांचा पातळ धातूचा पत्रा असतो. प्रत्येक झोत त्यातून तिरपा जाऊन आपल्याच रंगाच्या ठिपक्यावर पडावा, अशी ही योजना आहे. पत्र्यात चुंबकत्व शिरले की झोत किंचित वाकतो व शेजारच्या ठिपक्यावर पडतो. संचालगत ठेवलेला ध्वनिवर्धक किंवा मुलांनी गंमत म्हणून पडद्याला लावलेले लोहचुंबक एवढे त्यास पुरेसे होते. कृष्णधवल संचात असा पत्राच नसल्याने ही तक्रार उद्भवत नाही.

दोष ओळखण्याची रीत सोपी आहे. रंगाचे बटण शून्यावर आणावे. चित्र करडे झाले तरी डाग जागच्या जागी राहिला, तर कारण बहुधा चुंबकत्व असते. संपूर्ण पडद्यावर एकाच रंगाची सारखी छटा असेल, तर दोष जोडवायरीत किंवा अंतर्गत मंडलात शोधावा.

प्रथम चुंबकीय वस्तू दूर कराव्यात. चित्रनलिकेभोवती तारेचे एक वेटोळे बसविलेले असते. संच सुरू होताच त्यातून प्रत्यावर्ती प्रवाह जातो व क्षणार्धात ओसरतो. ओसरत्या प्रवाहाबरोबर पत्र्यातील चुंबकत्वही नाहीसे होते. सुरुवातीस ऐकू येणारी ‘घुंऽ’ ती याचीच. प्रवाह ओसरविणारा घटक मात्र निवावा लागतो. म्हणून संच मुख्य बटणाने बंद करून अर्धा तास थांबावे व पुन्हा सुरू करावा. लागोपाठ चालू-बंद केल्याने काहीही साधत नाही. केवळ रिमोटने बंद केल्यास अनेक संचांत हे वेटोळे कार्यान्वित होत नाही, ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानी येत नाही. संगणकाच्या जुन्या मॉनिटरमध्ये त्यासाठी ‘डीगॉस’ नावाची स्वतंत्र सोय असे.

चार-पाच वेळा असे करूनही डाग न गेल्यास तंत्रज्ञाकडून हातातील वेटोळे फिरवून घ्यावे. ते पडद्यासमोर गोलाकार फिरवीत हळूहळू सुमारे दोन मीटर मागे न्यावे लागते आणि तेथेच बंद करावे लागते. पडद्याजवळ बंद केल्यास डाग वाढतो. चित्रफिती त्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेवाव्यात. नाहीतर त्यांवरील मुद्रण पुसले जाईल. ‘घुंऽ’ मुळीच ऐकू येत नसेल, तर वरील घटक बदलून पाहावा. तो स्वस्त असतो. संचाचे मागील झाकण मात्र कोणत्याही शिक्षकाने वा कर्मचाऱ्याने उघडू नये. रंगीत नलिकेस वीस हजार व्होल्टहून अधिक दाब लागतो आणि संच बंद केल्यावरही विद्युत्‌भार नलिकेत टिकून राहतो.

संच आपटून आतील पत्राच वाकला असेल, तर त्यास इलाज नाही. त्या नलिकेच्या काचेत शिसे असते. ती न फोडता ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे सोपवावी.