वाळवंटातील विजेचा जमाखर्च

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात क्वार्ट्झसाइट नावाचे एक लहानसे गाव आहे. हिवाळा लागला की त्याच्या आसमंतातील सरकारी माळरानावर हजारो मोटारघरे येऊन मुक्काम ठोकतात. आणि १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या मुदतीचा परवाना काढून जे तेथल्या ला पोसा भागात राहतात, त्यांच्या वाट्याला जमीन येते, मुबलक ऊन येते, विजेचा खांब मात्र येत नाही. कारखान्यातून निघालेल्या मोटारघराची विद्युत्व्यवस्था असल्या वनवासासाठी केलेलीच नसते: वाटेत एक-दोन रात्री काढाव्यात आणि पुढल्या छावणीत पोचताच तेथील खांबाला वायर जोडावी, एवढीच तिची ऐपत.

सुधारणा करू निघालेला गृहस्थ बहुधा प्रथम छपरावर सौरपट्ट्या चढवतो, आणि येथेच हिशेब उलटा सुरू होतो. आरंभ कागद-पेन्सिल घेऊन खर्चाच्या बाजूने करावयास हवा. १२ व्होल्टवर चालणारा फ्रीज, पंखा, दिवे, पाण्याचा पंप व एखादा लॅपटॉप मिळून दिवसाकाठी सुमारे १ युनिट वीज खातात. आणि छपरावर सपाट निजवलेल्या ४०० वॅटच्या पट्ट्या, डिसेंबरचा कलता सूर्य व धूळ यांची वजावट जाता, जेमतेम तेवढेच उत्पन्न देतात. वातानुकूलन यंत्र तासाभरात याहून अधिक गिळते. ही मंडळी ऋतुमानाप्रमाणे प्रदेश बदलीत का हिंडतात, याचे एक रोकडे कारण हे आहे.

शिल्लक ठेवण्याची तजवीज हा पुढला प्रश्न. १०० ॲम्पिअर-तासांची शिसे-आम्लाची बॅटरी सुमारे ३० किलो भरते, आणि ती टिकवायची तर निम्मीच वीज काढावी असा दंडक. लिथियम-लोह-फॉस्फेटची तेवढीच बॅटरी वजनाने निम्म्याहून हलकी, आणि जवळजवळ तळापर्यंत उपसता येणारी. (या द्रव्याविषयीचा १९९७ सालचा मूळ निबंध टेक्सास विद्यापीठातील पाधी, नंजुंडस्वामी व गुडइनफ प्रभृतींचा, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.) मात्र ती एंजिनावरील ऑल्टरनेटरकडून इतका प्रवाह ओढते की ऑल्टरनेटरच तापून जळण्याची भीती असते, सबब मध्ये प्रवाहाला आवर घालणारा डीसी-डीसी चार्जर बसवावा लागतो, आणि शून्य अंशाखाली ती भरल्यास कायमची इजा होते, म्हणून तिची जागा गाडीच्या पोटाखाली नव्हे, राहत्या खोलीत.

खरा धोका तारेत आहे, आणि लक्ष सर्वांत कमी तिकडेच जाते. २००० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भाराने चालला की १२ व्होल्टच्या बॅटरीतून १६० ॲम्पिअरहून अधिक प्रवाह वाहतो. आपल्या घरच्या २३० व्होल्टवर त्याच कामाला ९ ॲम्पिअर पुरतात. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, अंगठ्याएवढी जाड व होईल तितकी आखूड तांब्याची केबल, आणि बॅटरीच्या धन टोकाला लागूनच फ्यूज, यांत काटकसर चालत नाही. केबलच्या टोकावरचा धातूचा जोड, म्हणजे लग, यंत्राने दाबण्याऐवजी हातोडीने चपटा केला, किंवा लग आणि बॅटरीचे टोक यांच्या मध्येच वायसर घातला, तर त्या नखाएवढ्या जागी रोध वाढतो आणि भोवतालचे प्लॅस्टिक वितळू लागते. त्यातून खडबडीत रस्त्याच्या हादऱ्यांनी नट सैल होतात ते निराळेच. म्हणून जाणते लोक लांबच्या मजलेनंतर, इन्व्हर्टर बंद करून, प्रत्येक नटावर एकवार पाना लावून पाहतात.