संगीत-सॉफ्टवेअर शिकण्यातील अडचण : ‘बोल प्रोसेसर’चे उदाहरण

सीसाउंड, प्युअर डेटा, सुपरकोलायडर यांसारखी प्रायोगिक संगीताची सॉफ्टवेअर उघडली की समोर प्रायः कोरा पडदा येतो. वाद्याचे चित्र नाही, तयार ठेका नाही. संगीताचे विद्यार्थी येथेच थांबतात आणि दोष स्वतःच्या संगणक-अज्ञानाला देतात. हे निदान अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

बर्नार्ड बेल यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी संगीत-मानववंशशास्त्रज्ञ जेम्स किपेन यांच्यासाठी ‘बोल प्रोसेसर’ हे सॉफ्टवेअर ॲपल संगणकावर रचले. प्रश्न लखनौ घराण्याचे उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्या तबल्यातील कायद्याचा होता. मूळ बोलांतून पलटे कोणत्या नियमांनी निघतात? हे नियम व्याकरणाच्या सूत्रांत लिहावयाचे, संगणकाने त्यांवरून पलटे तयार करावयाचे आणि उस्तादांनी ते ग्राह्य की अग्राह्य हे सांगावयाचे, अशी ही पद्धत होती. नकार आला की सूत्र दुरुस्त होई.

सूत्र लिहिणे कठीण का, हे एका परिचित कायद्यावरून दिसते : ‘धातीट धातीट धाधा तीट धागे तिनाकिना’. खालीत ‘धा’चा ‘ता’ होतो, हे प्रथम वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. परंतु खालीचे आवर्तन ‘तातीट तातीट ताता तीट’ असे जाऊन ‘धागे धिनागिना’वर संपते, म्हणजे बदल मध्येच थांबतो आणि भरी परतते. हात हे सहज करतो. संगणकाला मात्र बदल कोठे सुरू होतो, कोठे थांबतो, हे स्वतंत्रपणे सांगावे लागते. गुरूने ‘असे वाजव’ म्हणून जे दाखविले, त्याचे कारण कोणी विचारलेलेच नसते! शिवाय नियमात बसणारा प्रत्येक पलटा रुचतो असे नाही. म्हणून या सॉफ्टवेअरमध्ये नियमांना कमी-अधिक वजन देण्याची सोय आहे.

लयीचेही तसेच. महिरपी कंसात स्वल्पविरामाने वेगळ्या केलेल्या दोन ओळी हे सॉफ्टवेअर समान कालावधीत बसविते. तीनास चार ही लय हाताने टाळी देऊन म्हणणाऱ्यास ही खूण एका तासात कळावी. मात्र ती संगीताच्या भाषेत समजावणारा कोणी हवा. बहुतेक महाविद्यालयांत तबला एका विभागात आणि संगणक प्रयोगशाळा दुसऱ्या विभागात असते, ही खरी अडचण आहे.

पुण्याशी बेल यांचा संबंध निराळ्या कार्यातून आला. गी प्वातवँ (निधन २००४) व हेमा राईरकर यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनाची संगणकीय मांडणी करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. ‘बोल प्रोसेसर’ आज मुक्त स्रोत स्वरूपात विनामूल्य उपलब्ध आहे. अध्यापकाने तो उघडण्यापूर्वी विद्यार्थ्यांकडून एकाच कायद्याचे नियम मराठीत, कागदावर लिहून घ्यावेत. पहिल्या प्रयत्नात खालीचा तो शेवट बहुधा सुटेल.