बेथेलची मंडळी

याकोबानें ज्या ठिकाणीं धोंडा उशास घेतला त्यास त्यानें ‘बेथेल’, म्हणजे देवाचें घर, असें नांव दिलें. तेंच नांव जालन्याजवळच्या एका लहान वसाहतीस रे. नारायण शेषाद्रि यांनीं दिलें. इ. स. १८४३ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतलेले हे ब्राह्मण गृहस्थ. पण त्यांच्याभोंवतीं जमलेली मंडळी बहुतेक मांग बंधूंची, याचें आम्हांस मोठें नवल वाटतें. बाप्तिस्मा झाला तरी गांवचा पाणवठा व शेत दुसऱ्यांच्याच हातीं! जमिनीवांचून मंडळी टिकणार कशी? तेव्हां निजामाचे दिवाण सर सालार जंग यांजकडून त्यांनीं जमीन मिळविली, आणि तेथें घरें, विहिरी, शाळा व उपासनामंदिर झालें. शेषाद्रि इ. स. १८९१ मध्यें समुद्रप्रवासांत निवर्तले, आपल्या मंडळीपासून फार दूर.