दामाजीपंतांचा दुष्काळ आणि विद्यार्थ्यांचा प्रबंध

बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण आणि आळंद या सीमावर्ती तालुक्यांत दामाजीपंतांची कथा ठाऊक नाही असे मराठी घर विरळाच. दुष्काळात मंगळवेढ्याची सरकारी कोठारे भुकेलेल्यांसाठी खुली करणारे दामाजीपंत, बिदरच्या बादशहाचा त्यांच्यावर झालेला रोष आणि विठू महाराच्या वेषात दरबारी जाऊन धान्याची रक्कम चुकती करणारा पांडुरंग, हा कथाभाग कीर्तनांतून सर्वांच्या कानी पडलेला आहे. या विषयावर प्रबंध लिहू लागणाऱ्या विद्यार्थ्यापुढे मात्र पहिलाच प्रश्न उभा राहतो, तो सालाचा.

ग्रंथालयात तीन उत्तरे सापडतात. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात १३९६ साली सुरू झालेल्या व परंपरेनुसार बारा वर्षे टिकलेल्या ‘दुर्गादेवी’च्या दुष्काळाचे वर्णन आहे, आणि दामाजीपंतांची कथा पुष्कळदा त्याच दुष्काळाशी जोडली जाते. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियर १४६० च्या दुष्काळास दामाजीपंतांचे नाव देते. फिरिश्ता हा फारसी इतिहासकार १४७२ च्या बेळगाव मोहिमेनंतर सलग दोन वर्षे पाऊस न पडल्याचे, पेरण्या झाल्या नसल्याचे व लोक माळवा-गुजरातेकडे निघून गेल्याचे सांगतो. बहुतेक प्रबंध येथेच अडखळतात. एक तर तिन्ही मते एकाखाली एक उतरविली जातात, अथवा जे मत अधिक पुस्तकांत आढळले ते खरे मानले जाते. परंतु दहा पुस्तकांनी ग्रँट डफवरूनच मजकूर घेतला असेल, तर साक्षीदार दहा नसून एकच होय.

मतांची मोजणी करण्याऐवजी ती एकमेकांशी ताडून पाहावीत. बहमनी राज्याची राजधानी गुलबर्ग्याहून (आजचे कलबुर्गी) बिदरला नेली ती अहमदशहाने, म्हणजे १४२२ ते १४३६ या त्याच्या कारकिर्दीत. तेव्हा कथेतील बिदरचा दरबार खरा धरल्यास ‘दुर्गादेवी’चा दुष्काळ मागे पडतो. यावर एक आक्षेप संभवतो व तो वजनदार आहे. महिपतींनी ‘भक्तविजय’ १७६२ साली पूर्ण केला. इतक्या काळानंतर बहमनी बादशहा म्हणजे बिदरचाच, अशी समजूत रूढ झालेली असू शकते. हा आक्षेप प्रबंधात स्वतःहून मांडावा. त्यामुळे १३९६ चे मत सर्वस्वी बाद होत नाही, दुबळे मात्र निश्चित होते.

उरलेल्या दोहोंत निवड करणे अधिक कठीण आहे. फिरिश्ता विजापूरच्या दरबारी, घटनेनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी लिहीत होता. त्याच्या वर्णनात दुष्काळ आहे, दामाजी नाहीत. गॅझेटियरमध्ये दामाजींचे नाव आहे. पण ती नोंद व संतचरित्र ही दोन्ही एकाच लोकपरंपरेतून आली असल्यास त्यांचा परस्परांना आधार होत नाही. याच सुमारास बिदर पाहून गेलेला रशियन व्यापारी निकितिन तेथील सरदारांची श्रीमंती आणि रयतेचे दारिद्र्य सांगतो. तो प्रत्यक्षदर्शी खरा, परंतु १४७२ पूर्वी वा त्या सुमारास परतलेला असल्याने नंतरच्या अवर्षणाविषयी त्याचे मौन काहीच सिद्ध करीत नाही.

म्हणून विद्यार्थ्याने एवढेच लिहावे: घटना पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातील असण्याचा संभव अधिक, साल ठरविण्यास ही साधने अपुरी. असा निष्कर्ष अर्धवट वाटून काही परीक्षक गुण कापतात, हे खेदाने म्हणावे लागते. वास्तविक अधिक परिश्रम याच उत्तरामागे असतात. विठ्ठलाने रक्कम भरली की नाही, हा प्रश्न या छाननीत येतच नाही. तो श्रद्धेचा विषय असून इतिहासाच्या साधनांवर त्याचा भार टाकणे दोघांनाही अन्यायकारक होय.

शिक्षकांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष पुरवावे. फिरिश्ता आपल्याकडे बहुधा ब्रिग्जच्या १८२९ मधील इंग्रजी भाषांतरावरून वाचला जातो, आणि तसे प्रबंधात नमूद केले पाहिजे. बिदर-कलबुर्गी भागात मराठी व कन्नडबरोबर उर्दू जाणणारी कुटुंबे गावोगाव आहेत, क्वचित फारसी वाचणारे वृद्धही भेटतात. अशा जाणकाराकडून दुष्काळाचा तेवढा मूळ उतारा वाचून घेता आला, तर भाषांतराशी तो जुळतो की नाही हे विद्यार्थ्याला स्वतः पडताळता येईल.