ह्यूबर दांपत्य आणि मधमाशांचें पोळें

पतीची किंवा पत्नीची दृष्टि गेली म्हणजे घरांत पहिला प्रश्न सेवेचा निघतो : हात कोणीं धरावा, पान कोणीं वाढावें, औषध कोणीं घालावें. दुसरा प्रश्न बहुधा निघतच नाहीं, आणि खरी कसोटी त्याच ठिकाणीं लागते. ज्याचे डोळे गेले त्याची जिज्ञासा, त्याचा विचार, त्याचा निर्णय ह्यांचें पुढें काय व्हावयाचें? स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा शहरच्या एका दांपत्यानें ह्या प्रश्नाचें उत्तर आपल्या चाळीस वर्षांच्या संसारांत दिलें.

फ्रान्स्वा ह्यूबर ह्याचा जन्म १७५० सालचा. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्याची दृष्टि मंदावूं लागली. पॅरिसमधील एका नामांकित नेत्रवैद्यानें मोतीबिंदु काढण्याजोगा नाहीं व पुढें अंधत्व येणार, असें सांगितलें. मारी ल्युलँ नांवाच्या मुलीशीं त्याचें मन जडलें होतें. तिच्या वडिलांनीं ह्या विवाहास विरोध केला. आणि आंधळ्या होऊं घातलेल्या जांवयाच्या हातीं मुलगी देण्यास कोणता बाप सहज धजेल? मारी मात्र, कायद्यानें आपला निर्णय आपण घेतां येईपर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षांची होईपर्यंत थांबली, आणि मग तिनें ह्यूबरशीं विवाह केला.

आपल्याकडे अशा प्रसंगीं गांधारीचें स्मरण होतें. परंतु मारीनें स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधली नाहीं. तिनें ते पतीच्या कामास लावले. ती त्याला ग्रंथ वाचून दाखवी, त्याचें लेखन उतरून घेई. युरोपांत युद्ध चालू असतांना लहानमोठ्या डोक्यांच्या टांचण्या टोंचून ती सैन्यांच्या जागा दाखवी आणि तो बोटांनीं मोहीम वाचीत असे. बाहेर फिरण्याच्या वाटांवर दोऱ्या ताणलेल्या असत. त्यांच्या गांठींवरून आपण कोठें आहों हें त्याला कळे, व दरवेळीं कोणाचा हात धरावा लागत नसे. ही दोरी क्षुल्लक वाटेल. पण आंधळ्या मनुष्यास एकटें फिरूं देणें हें त्याला हात देण्याहून कठीण असतें.

ह्याच घरांत मधमाशांचा अभ्यास सुरू झाला. ह्यूबरनें पुस्तकाच्या पानांप्रमाणें उघडणारी पेटी तयार करविली, म्हणजे प्रत्येक पोळें दोन्ही बाजूंनीं पाहतां यावें. फ्रान्स्वा बर्नेन्स हा त्याचा सेवक पाहण्याचें काम करी. प्रश्न ह्यूबरचा, प्रयोगाची मांडणी ह्यूबरची, नजर बर्नेन्सची. आणि एकाच गोष्टीविषयीं निरनिराळ्या रीतींनीं विचारून उत्तर पारखून घेणें पुन्हा ह्यूबरचें. एका शंकेच्या निरसनासाठीं बर्नेन्सनें दोन पेट्यांतील प्रत्येक माशी हातांत धरून तपासली. त्याला अकरा दिवस लागले. राणीमाशीचें मीलन पोळ्याबाहेर, हवेंत होतें. मेण परागांपासून नव्हे, तर मध किंवा साखर खाऊन माशांच्या शरीरांत तयार होतें. पंख हालवून माशा पोळ्यांत हवा खेळती ठेवतात : हे शोध अशा रीतीनें लागले. १७९२ सालीं त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

पुढें बर्नेन्स काम सोडून गेला. येथें हा उद्योग संपला असता, तरी कोणीं दोष दिला नसता. पण मारी स्वतः निरीक्षणास बसूं लागली, आणि पुढें मुलगा पियेर ह्यानेंही साहाय्य केलें. मुंग्यांवरील ग्रंथामुळें हा पियेर पुढें स्वतंत्रपणें नांवारूपास आला. वडिलांच्या ग्रंथाची वाढविलेली आवृत्ति १८१४ सालीं निघाली.

ह्यूबर बोलतांना ‘मीं पाहिलें’ असेंच म्हणे. ऐकणारास नवल वाटे. त्यास स्वतःस त्यांत विसंगति वाटत नसे. मारी त्याच्याआधीं गेली. ती होती तोंवर आपण आंधळे आहों ह्याची जाणीव झाली नाहीं, असें तो स्नेह्यांजवळ सांगत असे. उरलेलीं वर्षें त्यानें लोझान येथें मुलीजवळ काढलीं, आणि १८३१ च्या डिसेंबरांत तो वारला.