अंदाज बरोबर, तरी पैसे गेले

बाजार कोसळू लागला की आपल्या मोबाइलवर ठरावीक निरोप फिरतात. 'तळ आलाय, उचला', 'सगळे विकतायत तेव्हा आपण घ्यायचं', 'सोनं धरून ठेवा'. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या पडझडीत ते फिरले, ४ जून २०२४ ला लोकसभा निवडणुकीच्या निकालादिवशीही फिरले. यातले बरेचसे पाच-दहा वर्षांच्या गुंतवणुकीला लागू पडते, म्हणून ते शहाणपणाचे वाटते. तेच चार दिवसांच्या किंवा चार तासांच्या सौद्याला लावले की माणूस अडकतो. भीतीच्या दिवसांत बाजाराची दिशा ओळखली म्हणजे काम झाले, हा या सगळ्या समजुतींच्या मुळाशी असलेला गैरसमज आहे. त्या दिवसांत मार्जिन (सौद्यासाठीची अनामत) वाढते, ऑप्शनचे प्रीमियम फुगतात, सर्किट लागून व्यवहार थांबतात, सौद्याची मुदत (एक्स्पायरी) डोक्यावर येते. त्यामुळे दिशा अचूक ओळखणाऱ्याचेही पैसे जातात. त्याची उदाहरणे फार लांबची नाहीत.

'इतका खाली आलाय, आणखी कुठे जाणार?'

२० एप्रिल २०२० हा एमसीएक्स या वस्तुबाजारातल्या कच्च्या तेलाच्या एप्रिल वायद्याचा शेवटचा दिवस होता. लॉकडाउनमुळे त्या काळात तिथले कामकाज रात्री उशिरापर्यंत न चालता संध्याकाळी पाचला संपत होते. पाच वाजता शेवटचा भाव पिंपाला ९६५ रुपये होता. वर्षाच्या सुरुवातीला हेच तेल चार हजारांच्या वर होते. ज्यांनी एक लॉट, म्हणजे १०० पिंपे, घेऊन ठेवला त्यांचा हिशेब सरळ होता: फार तर भाव शून्यावर येईल, ९६,५०० रुपये जातील, त्यापलीकडे काय जाणार?

त्यापलीकडेही गेले. एमसीएक्सवरचे हे सौदे अमेरिकेतल्या वायद्याच्या भावाने रोखीत मिटतात, आणि अमेरिकेतला बाजार पाचला बंद होत नव्हता. तिथल्या वायद्याची डिलिव्हरी ओक्लाहोमातल्या कुशिंग गावी असते. जगभर विमाने आणि गाड्या थांबल्यामुळे मागणी आटली होती, कुशिंगच्या टाक्या भरत आल्या होत्या आणि उरलेली जागा आधीच भाड्याने गेली होती. वायदा हातात राहिला तर तेल घ्यावे लागणार आणि ठेवायला जागा नाही, म्हणून लोक पदरचे पैसे देऊन सौदा दुसऱ्याच्या गळ्यात घालू लागले. भारतात मध्यरात्र झाली तेव्हा भाव उणे ३७.६३ डॉलरवर ठरला होता. त्यावरून एमसीएक्सने आपला अंतिम भाव लावला: उणे २,८८४ रुपये. म्हणजे पिंपामागे ९६५ अधिक २,८८४, एकूण ३,८४९ रुपयांचा तोटा. एका लॉटवर ३,८४,९०० रुपये. पाचनंतर सौदा कापायची सोय नव्हती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. 'तेल इतके स्वस्त राहणार नाही' हा त्या माणसांचा अंदाज शंभर टक्के बरोबर होता. जुलै उजाडेपर्यंत तेल ४० डॉलरच्या आसपास आले. त्यांनी घेतलेला वायदा मात्र त्याच दिवशी संपत होता. शेअरचा भाव शून्याखाली जात नाही, वायद्याचा जाऊ शकतो. आणि ब्रोकरकडे भरलेले मार्जिन म्हणजे तोट्याची कमाल मर्यादा, ही समजूत तर सरळसरळ चुकीची आहे. मार्जिन ही फक्त अनामत असते. तोटा तिच्याहून मोठा झाला तर फरक भरावाच लागतो.

'बँक बुडू देणार नाहीत, मग स्वस्तात घ्यायला काय हरकत?'

५ मार्च २०२० च्या संध्याकाळी येस बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. दुसऱ्या दिवशी जवळपास ३७ रुपयांचा शेअर साडेपाच रुपयांपर्यंत घसरून १६ च्या आसपास बंद झाला. अनेकांनी त्या पडझडीत धाडस करून शेअर उचलले. बँक बुडणार नाही, हा त्यांचा अंदाजही खरा ठरला. स्टेट बँकेच्या पुढाकाराने पुनर्रचना योजना आली आणि १७ मार्चला भाव ५८ च्या वर बंद झाला.

पण १३ मार्चला निघालेल्या त्या योजनेत एक अट होती. ज्यांच्याकडे शंभर किंवा अधिक शेअर होते, त्यांच्या ७५ टक्के शेअरच्या विक्रीवर तीन वर्षांची बंदी आली. ज्याने दोन-तीन दिवसांसाठी म्हणून हजार शेअर घेतले होते, त्याला भाव तिप्पट झालेला दिसत होता आणि विकता येत होते फक्त अडीचशे. बंदी उठली मार्च २०२३ मध्ये, तेव्हा भाव पुन्हा १५-१६ रुपयांच्या आसपास होता. बाजार सर्वांत जास्त घाबरलेला असतो तेव्हाच सरकार, रिझर्व्ह बँक, बाजार नियामक सेबी आणि एक्सचेंज नियम बदलतात. अल्पमुदतीचा सौदा करणाऱ्याने ही जोखीम आधी धरायला हवी, आणि नेमकी तीच कुठल्याही चार्टवर दिसत नाही.

'स्टॉपलॉस लावला की तोटा ठरलेला'

स्टॉपलॉस हा ठरावीक भावाला विक्री होईलच असा करार नव्हे. भाव तिथे पोचला की विक्रीची ऑर्डर बाजारात सुटते, एवढेच त्यातून होते. समोर घेणारा असेल तर सौदा होतो. भाव मधली पायरी न गाठता एकदम खाली उघडला, तर लिमिट लावलेली ऑर्डर तशीच पडून राहते. शेअरला लोअर सर्किट, म्हणजे दिवसाच्या घसरणीची मर्यादा, लागले तर विकणाऱ्यांची रांग लागते आणि घेणारा कुणीच नसतो.

१३ मार्च २०२० ला बाजार उघडल्यानंतर काही मिनिटांतच निफ्टी १० टक्के खाली गेला आणि नियमाप्रमाणे ४५ मिनिटे व्यवहार थांबले. पुन्हा सुरू झाल्यावर बाजार वळला आणि दिवसअखेर निफ्टी जवळजवळ ४ टक्के वर बंद झाला. तेजीचा सौदा घेतलेल्यांचे स्टॉपलॉस सकाळी तळाशी उडाले, आणि दुपारची तेजी त्यांनी बाहेर बसून पाहिली. दहा दिवसांनी, २३ मार्चला, पुन्हा सर्किट लागले, पुन्हा ४५ मिनिटे बाजार थांबला. आदल्या वेळेचा अनुभव ताजा असल्यामुळे उसळीच्या आशेने खरेदी झाली. त्या दिवशी सेन्सेक्स ३,९३५ अंशांनी, म्हणजे १३ टक्क्यांहून अधिक, कोसळून बंद झाला.

स्टॉपलॉस लावूच नये, असे कुणी यातून समजू नये. लावावाच. पण तो ठरवलेल्या भावाला निघाला नाही तरी आपण तगून राहू, इतकाच सौदा मोठा असावा.

'व्हीआयएक्स चढला म्हणजे बाजार पडणार'

इंडिया व्हीआयएक्स हा आकडा निफ्टीच्या ऑप्शनच्या भावांवरून काढतात. पुढच्या ३० दिवसांत बाजार किती हलेल, याचा अंदाज तो वार्षिक टक्केवारीत सांगतो. व्हीआयएक्स २४ असेल तर त्याला १२ च्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण ३.४६ ने, भागायचे. उत्तर येते सुमारे ७. ढोबळमानाने महिन्याभरात ७ टक्के वर किंवा खाली हलण्याची अपेक्षा ऑप्शनच्या भावांत धरलेली आहे, एवढाच त्याचा अर्थ. वर की खाली, हे तो सांगत नाही.

तरीही ट्रेडरसाठी तो महत्त्वाचा आहे, कारण तो चढलेला असताना ऑप्शन महाग असतात. ४ जून २०२४ ला निफ्टी जवळजवळ ६ टक्के पडला आणि व्हीआयएक्स २७ च्या आसपास बंद झाला. दुसऱ्या दिवशी निफ्टी ३ टक्क्यांहून अधिक वर आला आणि व्हीआयएक्स एका दिवसात १९ च्या खाली उतरला. भीती ओसरली की ऑप्शनच्या भावातला भीतीचा वाटाही ओसरतो. समजा, घबराटीत कुणी ४०० रुपये प्रीमियम (ऑप्शनची किंमत) देऊन पुट, म्हणजे बाजार पडला तर फायदा देणारा ऑप्शन, घेतला. दुसऱ्या दिवशी निर्देशांक त्याच्या बाजूने थोडा सरकला, पण बाजार शांत झाला. तोच पुट ३३० ला मिळताना दिसू शकतो. 'मार्केट खाली आलं, मग माझा पुट का पडला?' हा नव्या ट्रेडरचा नेहमीचा प्रश्न असतो. त्याने पडझडीचा अंदाज बरोबर केलेला असतो, फक्त तो विकत घेताना फार महाग घेतलेला असतो.

'घबराटीत सोने पडत नाही'

दीर्घकाळ पाहिले तर सोन्याने संकटात साथ दिली आहे. आठवड्याच्या हिशेबात मात्र ते पडते, आणि जोरात पडते. मार्च २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय भाव १,७०० डॉलरच्या आसपास होता. दहा-बारा दिवसांत तो १,५०० च्या खाली आला. शेअरमधल्या तोट्याचे मार्जिन भरायला लोकांना रोकड हवी होती, आणि विकता येण्यासारखे हाताशी सोनेच होते. ऑगस्टमध्ये त्याच सोन्याने २,००० डॉलर ओलांडले. दागिने किंवा नाणी घेऊन ठेवणाऱ्याला मधली घसरण जाणवलीही नाही. वायद्यात तेजी करणाऱ्याला मात्र त्या दहा दिवसांत रोजच्या रोज फरक भरावा लागला, आणि ज्यांच्याकडे भरायला पैसे नव्हते त्यांचे सौदे तळाशीच कापले गेले.

चांदी तर याहून अवखळ. एप्रिल २०११ च्या अखेरीस ती ५० डॉलरच्या उंबरठ्यावर होती. अमेरिकेतल्या एक्सचेंजने थोड्याच दिवसांत अनेकदा मार्जिन वाढवले, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात भाव ३५ च्या आसपास आला.

'बाकीचे हरतात, पण सराव केला की जमते'

इथे अंदाजाची गरज नाही, सेबीने मोजून ठेवले आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. एक लाखाहून जास्त नफा कमावणारे शंभरात एक. २०२४-२५ मध्ये तोट्यातल्यांचे प्रमाण ९१ टक्के आणि एका वर्षाचा तोटा १ लाख ५ हजार कोटींवर. या सौद्यांमध्ये सर्वाधिक माणसे महाराष्ट्रातली आहेत, म्हणून हा आकडा आपण परक्याचा म्हणून वाचू शकत नाही.

सरावाचे म्हणाल तर, शेअरमधल्या इंट्राडेच्या, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकायच्या सौद्यांच्या, सेबीच्या २०२२-२३ च्या पाहणीत दहांतल्या सात जणांना तोटा झाल्याचे दिसले. वर्षात ५०० हून अधिक सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण ८० टक्के होते. जितके जास्त सौदे, तितकी दलाली, कर आणि शुल्के जास्त. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये २०२३-२४ साली माणशी सरासरी २६ हजार रुपये याच खर्चात गेले. समोर कोण बसले आहे, हेही पाहायला हवे. त्याच वर्षी ब्रोकर कंपन्यांच्या स्वतःच्या खात्यांनी ३३ हजार कोटी आणि परदेशी संस्थांनी २८ हजार कोटी ढोबळ नफा कमावला, आणि त्यातला जवळजवळ सगळा संगणकी अल्गोरिदमच्या सौद्यांतून आला. घाबरलेल्या बाजारात, जिथे सेकंदात भाव बदलतो, तिथे बसमधून मोबाइलवर सौदा करणारा माणूस या यंत्रांशी वेगात बरोबरी करू शकत नाही.

'वायदा म्हणजे निव्वळ सट्टाच'

हाही गैरसमजच, उलट्या बाजूचा. जळगावच्या सराफाकडे किलोभर सोन्याचा माल पडून असेल आणि भाव घसरण्याची धास्ती असेल, तर एमसीएक्सवर तेवढेच सोने वायद्यात विकून तो आपली जोखीम झाकतो. मालाचा भाव पडला तर वायद्यात मिळते, भाव चढला तर वायद्यात जाते; त्याचा धंदा सुरक्षित राहतो. सोयाबीन आणि हरभऱ्याच्या शेतकऱ्यालाही वायद्यातून पुढच्या भावाचा अंदाज येत असे. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने या दोहोंसह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि बंदीला पुन:पुन्हा मुदतवाढ दिली. लातूरच्या शेतकऱ्याच्या हातून एक चांगले साधन त्यामुळे गेले, असे माझे स्पष्ट मत आहे. वायदा हा ज्याच्याकडे माल आहे त्याच्या भीतीवरचा उपाय आहे. माल नसलेला माणूस त्यात उतरतो तेव्हा तो दुसऱ्याची जोखीम स्वतःच्या अंगावर घेत असतो, आणि ती पेलण्याइतकी रोकड त्याच्याकडे असावी लागते.

शेवटी घरातल्या तरुणांविषयी. सेबीच्या इंट्राडेच्या वर सांगितलेल्या पाहणीत तिशीच्या आतल्या ७६ टक्क्यांना तोटा झालेला दिसतो. आपल्या घरात कुणी मुलगा, भाची, धाकटा भाऊ हे करत असेल तर रागावण्याने तो थांबणार नाही, फक्त लपवू लागेल. ब्रोकरच्या ॲपवर पूर्ण वर्षाचा नफा-तोटा अहवाल निघतो, सगळे शुल्क वजा करून. तो एकदा काढायला सांगा, शेजारी बसा आणि शेवटच्या ओळीतला आकडा दोघांनी मिळून वाचा. पुढचा सौदा करायचा की नाही, हे त्यानंतर ठरवा.