तोंडच उघडेना, तर भूल कशी द्यायची?

ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ रुग्णाला ‘आ’ करायला सांगतात. त्याचीच तीन बोटं वरच्या-खालच्या दातांमध्ये उभी मावली, तर निम्मी काळजी मिटली. परभणीकडे एक बोटही जेमतेम शिरतं, असे रुग्ण येतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘सुपारी खातो, कधीमधी.’

राज्यात गुटखाबंदी २०१२पासून आहे. पुड्या मिळायच्या काही थांबल्या नाहीत.

सुपारीमुळे गालाच्या अस्तराखाली तंतू साठत जातात आणि गाल ताठरतात. मुंबईचे घसातज्ज्ञ एस. जी. जोशी यांनी १९५३ साली या विकाराचं वर्णन ‘सबम्युकस फायब्रोसिस’ या नावाने केलं. दाढदुखीने मिटलेला जबडा भुलेखाली बऱ्याचदा सैल पडतो. हे तंतू मात्र भुलेच्या कुठल्याही औषधाला जुमानत नाहीत. खरी मेख इथेच आहे. भुलेने श्वास थांबला आणि नळी जाईना, तर तीन मिनिटं शुद्ध ऑक्सिजन दिलेल्या धडधाकट माणसाच्या हाताशी सात-आठ मिनिटं असतात. ऑक्सिजन न देता झोपवलं, तर जेमतेम एखादं मिनिट. त्यात ऑपरेशन घशाचंच असलं, तर सर्जनला जिथे काम करायचं तीच श्वासाची वाट.

म्हणून अशा रुग्णाला आधी झोपवतच नाहीत. लाळ सुकवायला इंजेक्शन, नाकात थेंब, मग लिग्नोकेनची वाफ. घसा बधिर झाला की नाकातून पेन्सिलहून बारीक दुर्बीण आत सरकते. ‘मोठा श्वास घ्या’ म्हटलं की पडद्यावर स्वरयंत्राची फट उघडते आणि पलीकडे श्वासनलिकेची कडी दिसू लागतात. दुर्बिणीवरूनच नळी खाली सरकवायची, मॉनिटरवर कार्बन डायऑक्साइडची लाट उमटली की मग भूल. दुर्बीण नसेल किंवा घशातल्या गाठीने वाटच अडवली असेल, तर मानेला सुन्न करून समोरून छिद्र पाडतात, तेही जागेपणीच.

युक्ती जुनीच. ग्लासगोच्या विल्यम मॅकएवेन यांनी १८७८मध्ये जिभेच्या मुळाशी गाठ असलेल्या रुग्णाला जागेपणी बोटांनी नळी घातली आणि नंतर क्लोरोफॉर्म दिला.

नातेवाईक ऑपरेशन संपल्यावर सुस्कारा सोडतात. भूलतज्ज्ञ इतक्यात नाही. घशाला सूज असते, रक्त झिरपत असतं, आणि एकदा काढलेली नळी पुन्हा घालणं पहिल्यापेक्षा अवघड. रुग्ण डोळे उघडून सांगितलेलं ऐकू लागेपर्यंत ती काढत नाहीत. कधी रात्रभर आयसीयूत तशीच ठेवतात.